घडी मोडलेल्या साड्या

आमच्या डॉक्टरबाई वांग्याला हात लावायच्या आधीसुद्धा परवानगी मागायच्या. पंचवटीच्या भाजीबाजारात माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे. पाटीसमोर उकिडव्या बसल्या आणि भाजीवालीला म्हणाल्या, "हात लावू का?" भाजीवालीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाई, वांगं हाय ते. नवरी नाय." मी पदर तोंडाला लावून हसले. बाई हसल्या नाहीत. तिने मान हलवेपर्यंत तशाच थांबल्या, मग एकेक वांगं उलटसुलट करून पाहिलं आणि किडकी निघाली ती बाजूला काढून तिलाच दाखवली.

लोक म्हणायचे, बाई विक्षिप्त आहेत. होत्याच. मी कशाला नाही म्हणू? नव्वद सालच्या आसपासपासून त्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली सिस्टर होते, आणि त्या सगळ्या वर्षांत मला दिवसातून एकदा तरी वाटायचं की या बाईला रामकुंडात बुचकळून काढावं. आता त्या नाहीत. आता दिवसातून एकदा तरी वाटतं, मागून येऊन कुणीतरी विचारावं, "सिस्टर, तुमच्या डब्यातली चटणी घेऊ का?" घरातली माणसं विचारत नाहीत, सरळ घेतात. त्यात काही वावगं नाही. पण ते विचारणं माझ्या कानाला लागलंय, त्याला काय करू?

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगते. आमचा सरकारी दवाखाना. ज्या बायकांवर, पोरींवर अत्याचार झालेला असायचा, त्यांना पोलीस तपासणीसाठी घेऊन यायचे. हे काम सहसा कुणाला नको असतं. एकदा कागदावर सही केली की पुढे कोर्टाच्या तारखा, वकिलांचे आडवेतिडवे प्रश्न, आणि आपल्या ओपीडीचा खोळंबा. बाईंनी ते काम मागून घेतलं होतं. लग्न केलेलं नाही, गंगापूर रोडला एक लहानसा फ्लॅट, स्वयंपाकाचा कंटाळा, आणि हे असलं काम हौसेनं मागून घेतलेलं. माणसं बोलणारच. मीसुद्धा सुरुवातीला बोलले आहे.

तपासायला आलेली बाई खुर्चीवर आणि डॉक्टरबाई खाली, बुटक्या स्टुलावर. त्यांना मान वर करून बोलावं लागायचं. मी म्हटलं, मॅडम, तुमचं मानेचं दुखणं वाढेल. तर म्हणाल्या, "माझी मान चार दिवस दुखेल. तिची कधीची खालीच आहे." मग सुरू व्हायचं ते. हात धरू का. बाही वर करू का. इथे उजेड पाडू का. प्रत्येक वेळी थांबायचं, उत्तर घ्यायचं, मगच पुढे. मला म्हणायच्या, "अंग तिचं, आपण पाहुणे. पाहुण्यानं दार वाजवावं."

आणि समोरची नाही म्हणाली की संपलं. एकदा एक सातआठ वर्षांची पोर आली होती. ती म्हणाली, "नाय." बाईंनी हातमोजे काढले, जमिनीवर मांडी ठोकली आणि पर्समधून भाजक्या शेंगांची पुडी काढून खात बसल्या. बरोबरचा हवालदार दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता. "मॅडम, मला परत निफाडला जायचंय."

"जा की," बाई म्हणाल्या.

"अहो, पण तपासणी?"

"ती नाही म्हणालीय. तुम्ही हो म्हणालात तरी त्याचा काय उपयोग?"

बराच वेळ गेला. मी बाहेरची कामं उरकून आले तरी शेंगा फोडल्याचा आवाज चालूच. शेवटी ती पोर म्हणाली, "तुमी सगळ्या एकट्याच खानार का?" बाईंनी पुडी तिच्या पुढे सरकवली. अर्ध्या शेंगा संपल्यावर पोरीनं आपणहून हात पुढे केला. मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, माझी ड्यूटी संपेल पण ही शेंगांची पुडी काही संपायची नाही.

पोलिसांशी त्यांचं कधी जमलं नाही, पण पोलीस त्यांना वचकून असायचे. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणले की बाईंचा पारा चढायचा. ओलसर कपडा प्लॅस्टिकमध्ये कुजतो, त्यावरचा पुरावा नासतो. कपडे सावलीत वाळवायचे, कागदात गुंडाळायचे, मग लाखेनं सील करायचं. एका जमादाराला त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठले?" "लासलगावचा, मॅडम." "कांदा कशात भरता हो लासलगावला?" "गोणीत." "प्लॅस्टिकमध्ये का नाही भरत?" "सडंल ना मॅडम." "मग?" एवढंच म्हणाल्या आणि पिशवी त्याच्या हातात ठेवली. तो जमादार पुढे कधीही आला तर खाकी कागद स्वतः घेऊन यायचा, आणि आल्या आल्या दाखवायचा, बक्षीस मिळाल्यासारखा.

त्या काळी पोलिसांच्या पत्रात पीडित बाईबद्दल नको नको ते प्रश्न असायचे. तिची वागणूक कशी, तिला आधीची सवय आहे का. बाई त्या प्रश्नांवर आडवी रेघ मारायच्या. वरिष्ठांनी बोलावून झापलं तर म्हणाल्या, "चारित्र्य नावाचा अवयव आम्हाला कॉलेजात शिकवला नाही, सर. मी न शिकलेल्या गोष्टीवर मत देत नाही."  बाहेर आल्यावर मात्र बाई भिंतीला टेकून दोन ग्लास पाणी प्यायल्या. धीट नव्हत्या त्या, हे कुणाला खरं वाटणार नाही. घाबरायच्या आणि तरी करायच्या.

आता साड्यांचं सांगते.

बाईंच्या फ्लॅटची गॅलरी रस्त्यावरून दिसायची. एकट्या राहणाऱ्या बाईच्या दोरीवर काय वाळत असणार? दोन साड्या, एक टॉवेल. आमच्या बाईंच्या दोरीवर शाळकरी पोरींचे फ्रॉक, परकर, पंजाबी ड्रेस, म्हाताऱ्यांची नऊवारी लुगडी. शेजारणींना काही उमगेना. एकीनं मला बसस्टॉपवर गाठून विचारलं, "या डॉक्टरीण बाईंकडे पाहुणे असतात का हो सारखे? दिसत तर कुणीच नाही." मी म्हटलं, त्यांना कपडे धुवायचा नाद आहे. खोटं नव्हतं. रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून नवेकोरे कपडे आणायचे आणि ते धू धू धुवायचे. दुकानदारानं एकदा विचारलं होतं, "ताई, लेकी किती तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "मोजल्या नाहीत." आणि पुन्हा घासाघीस करायला लागल्या.

धुऊनही भागायचं नाही. मग त्या आम्हा सिस्टरांना साड्या वाटायच्या. "दोन दिवस नेसा, आणि आणून द्या. घडी मोडून हवीय." आमचे हे तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. संध्याकाळी घरी आले की मला पाहून म्हणायचे, "आज कुणाची बायको आलीय आमच्या घरी?" एकदा एक भडक पोपटी साडी वाट्याला आली, तर म्हणाले, "ही परत देऊ नकोस, शेतात बुजगावण्याला होईल." मी चिडले, पण नेसले. आम्ही सगळ्याच नेसायचो. बाई स्वतःही नेसायच्या. स्वस्तातल्या, चमकीच्या साड्या नेसून ओपीडीत यायच्या आणि मोठमोठे डॉक्टर तोंडावर हसायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. साडी मऊ पडली की धुऊन, घडी घालून दवाखान्यातल्या लोखंडी कपाटात. कुणी उघडू नये म्हणून त्यावर 'जुन्या एक्स-रे फिल्म' अशी चिठ्ठी.

याला कारण घडलं होतं. 

तपासणीनंतर अंगावरचे कपडे पुरावा म्हणून पोलीस जप्त करतात. मग त्या बाईनं घरी जायचं काय नेसून? दवाखान्याचा झगा घालून? कुणीतरी दिलेला टॉवेल गुंडाळून? घरातून निघाली तेव्हा अंगावर एक आणि परतली तेव्हा दुसरंच, एवढ्यावरून गल्ली काय ते समजते. बाईंना हे फार लागायचं. "तिनं बाजाराला जाऊन आल्यासारखं घरी जावं," असं म्हणायच्या. "कुणी वळून बघता कामा नये." म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून कपाटात कपडे ठेवायला सुरुवात केली. आम्हा सगळ्यांनाच ते फार आवडलं होतं.

त्या पहिल्या वर्षात दिंडोरीकडच्या एका खेड्यातली पोरगी आली. एकोणीस-वीस वर्षांची. बाप नाही, आईबरोबर द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायची, आईचीच जुनी साडी नेसून. बागाईतदाराच्या पुतण्यानं तिला शेडमध्ये गाठलं. ती तिथून पळत सुटली तेव्हा बरोबरच्या एका मजूर बाईनं तिला पाहिलं होतं. तीच एक साक्षीदार. पोरगी रडत नव्हती. हनुवटीवर हिरव्या गोंदणाचे ठिपके होते, आणि बोलताना ते ठिपके हलायचे तेवढेच, बाकी चेहरा दगड. बाईंनी तिला विचारून विचारून सगळं केलं. मनगटांवर ओरखडे होते, ते लिहिले. बाकी अंगावर मारहाणीच्या खुणा नव्हत्या, तर नाहीत असंही लिहिलं. हवालदार म्हणाला, "मॅडम, चार खुणा जास्त लिहिल्या तर केस घट्ट होईल." बाई म्हणाल्या, "चार जास्त लिहिल्या तर उरलेल्या दोनही खोट्या ठरतील."

मग कपाटातून एक नवी साडी काढली. जांभळी, हिरव्या काठाची, वर ब्लाऊजसुद्धा. पोरीनं ती नेसली. आईनं डोळे पुसत हात जोडले. बाईंनी दोघींना रिक्षात बसवून बसस्टँडवर पाठवलं.

आठवडाभरानं आई एकटी आली. दारातच बसली, उठेना. म्हणाली, "बाई, तुमच्या साडीनं घात केला."

आमच्याकडे खेड्यात दोन घरांत असं काही घडलं की पंच बसतात. पोराकडचे पोरीला लोकांदेखत साडीचोळी करतात आणि प्रकरण मिटलं असं धरतात. पुन्हा कुणी त्याचं नाव काढायचं नाही. ही पोरगी कोरी करकरीत साडी नेसून एसटीतून उतरली. घडीच्या रेघा अजून उठून दिसत होत्या. पारावर बसलेल्यांनी पाहिलं आणि एकमेकांकडे बघितलं. बागाईतदाराच्या माणसांच्या हातात तर आयतं कोलीत आलं. त्यांनीच उठवलं, आम्ही साडीचोळी केली, तिनं घेतली, मिटलं. "आन् जिनं माझ्या पोरीला पळताना पाह्यलं," आई म्हणाली, "ती म्हनती, तुमी साडी घेऊन मोकळ्या झाल्या, मंग मी कशाला वैर घेऊ? मला त्यांच्याच बागंत पोट भरायचं हाय."

बाई खाली बसल्या, तिच्या शेजारी, फरशीवर.  मग म्हणाल्या, "मी गावात येते. पारावर उभी राहून सांगते, साडी माझी आहे म्हणून."

मला वाटलं, जातीलच. आमच्या बाईंचा नेम नाही. पण सरकारी वकिलांनी अडवलं. तुम्ही या खटल्यातल्या साक्षीदार, गावात जाऊन दुसऱ्या साक्षीदारांपुढे बोललात तर खटलाच बुडेल. जे सांगायचं ते कोर्टात. आणि कोर्ट म्हणजे काय, आज उद्या करता करता वर्षं गेली. त्या सगळ्या वर्षांत बाईंच्या डोक्यात एकच. आपण त्या पोरीचं बरं करायला गेलो आणि तिच्या तोंडातून तिचं खरं काढून घेतलं. तेव्हापासून ते धुणं, ती घडी मोडणं. मी म्हणायचे, मॅडम, पुरे आता, हाताची सालं निघाली. त्या म्हणायच्या, "अजून कांजी आहे, सिस्टर. बोटाला लागतेय."

कोर्टाच्या दिवशी मी बरोबर गेले होते. जायच्या आधी सरकारी वकिलांनी बजावलं, साडीचा विषय आपण काढू नका. त्यांनी विचारलंच तर आठवत नाही म्हणा. नाहीतर ते म्हणतील डॉक्टर फिर्यादीच्या बाजूच्या आहेत, आणि तुमचा सगळा अहवाल कचऱ्यात जाईल. बाईंनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत.

आरोपीचे वकील नाशकातले नावाजलेले. गोड बोलायचे. "डॉक्टर, त्या दिवशी फिर्यादी जांभळी साडी नेसून गावी गेली. आरोपीच्या घरच्यांनी ती तडजोडीत दिली, असं आमचं म्हणणं आहे. तुम्हाला याबद्दल काही माहिती?"

"ती साडी मी दिली," बाई म्हणाल्या. आमचे सरकारी वकील कागदात तोंड खुपसून बसले.

"तुम्ही? आपण डॉक्टर की साड्यांचं दुकान?"

लोक हसले. बाई थांबल्या. हसणं संपल्यावर म्हणाल्या, "तिचे कपडे काढून घ्यावेत असं कायद्यात आहे. तिनं घरी काय नेसून जावं, ते लिहायचं राहिलंय. म्हणून दिली."

"म्हणजे तुम्हाला तिचा कळवळा आला."

"आला."

"आणि त्या कळवळ्यातून तुम्ही अहवाल लिहिला."

मी मनात देवाचं नाव घेतलं.  बाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. म्हणाल्या, "माझा अहवाल साहेबांपुढे आहे. मनगटाच्या ओरखड्यांशिवाय अंगावर कुठेही मारहाणीची खूण नाही, असं त्यात मी लिहिलंय. हे वाक्य तुमच्याच कामाचं आहे, वकीलसाहेब. कळवळ्यानं लिहिलं असतं तर ते वाक्य तिथं नसतं."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी अहवाल उचलून पुन्हा वाचला.

त्या मजूर बाईची साक्ष पुढच्या तारखेला होती. बाहेरच्या व्हरांड्यात त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बातमी पसरली होती, साडी डॉक्टरणीची निघाली म्हणून, आणि ती गावात तिच्याही कानावर गेली. पुढच्या तारखेला तिनं जे पाहिलं ते सांगितलं. घाबरत, अडखळत, पण सांगितलं. आरोपीला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबल्या होत्या. पोरीला एकदा पाहायचं होतं त्यांना. आई एकटीच आली. म्हणाली, "तिचं लगीन झालं, बाई. मावशीकडं ठेवली व्हती, तिकडंच जमलं. कुठं दिली ते नका इचारू. तिथं कुनाला ठाव नाय."

"नाही विचारत," बाई म्हणाल्या.

आणि खरंच कधी विचारलं नाही. मनात आणलं असतं तर पत्ता काढणं काय अवघड होतं? पोलीस ओळखीचे, सगळ्या तालुक्यांतून माणसं दवाखान्यात येणारी. पण नाही म्हटलं म्हणजे नाही. फक्त मला विचारायच्या. दुपारी चहा घेताना मधेच, कशाचा कशाला संबंध नसताना, "सिस्टर, ती कशी असेल हो?" मला नाव सांगावं लागायचं नाही. मी म्हणायचे, चांगली असेल मॅडम, दोन लेकरं झाली असतील. त्यांचं समाधान व्हायचं नाही. "सासूला कळलं असेल का? कळलं तर कशी वागवत असेल?" मी म्हणायचे, कळलं नसेल. मग त्या कप ठेवून उठायच्या.

शेकड्यांनी बायका आल्या-गेल्या त्यांच्या हाताखालून. विचारायच्या एकीबद्दलच. मला कधी कधी रागही यायचा. बाकीच्यांचं चांगलं केलंत त्याचं काही नाही, आणि ही एक साडी मरेपर्यंत डोक्यावर घेऊन फिरणार का? एकदा बोलूनही दाखवलं. तर म्हणाल्या, "बाकीच्यांना मी काही विचारलं, तर त्या हो किंवा नाही म्हणाल्या. साडी मात्र मी तिला न विचारता दिली."

निवृत्त झाल्यावर त्या नाशकातच राहिल्या. मी आठवड्यातून एकदा जायचे, डबा घेऊन. हृदयाचं दुखणं होतं, जिना चढणं बंद झालं होतं. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ होते. नळ्या-बिळ्या लावलेल्या, आणि एक नवी नर्स न विचारता सुई टोचायला आली तर तिला म्हणतात, "आधी विचार, बाळ." त्या पोरीला वाटलं म्हातारीला वात झालाय. मी तिला बाहेर नेऊन समजावलं. परत आले तर बाई माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "ती जेवूनखाऊन सुखात असली म्हणजे झालं. एवढं कळायला हवं होतं, सिस्टर." मी म्हटलं, "आहे सुखात." त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत?" आणि हसल्या. मला खरंच काही माहीत नव्हतं. उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्यानंतर एक दसरा गेला, आणि पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पंचवटीत फुलं आणायला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग, आसपासच्या गावांतून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं गोणपाट अंथरून बसलेली, रिक्षांचे हॉर्न, पाय ठेवायला जागा नाही. एका ढिगापाशी वाकले आणि समोर पाहिलं. हनुवटीवर हिरवं गोंदण. अंगानं भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात तराजू. शेजारी तिची सासू, पुढे शेवंतीची टोपली घेऊन.

मी वेडीसारखी बोलून गेले, "अगं, तू दिंडोरीकडची ना? दवाखान्यात..."

"नाय मावशी," ती म्हणाली. डोळ्याला डोळा देऊन, अगदी शांत. "तुमची चूक व्हतीय. मी कंदी दवाखान्यात गेलेच नाय."

सासू हसली. "माझी सून लय निब्बर हाय बाई. हिला तापबी येत नाय."

"हो का? माझीच चूक," मी म्हटलं. "वय झालं आता. एक किलो झेंडू दे, बाई."

सासू दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. ही झेंडू तराजूत टाकत होती. मान वर न करता, ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, "बाई कशा हायेत?"

मला खोटं बोलता आलं असतं. जमलं नाही. "गेल्या गं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात. तुझी फार आठवण काढायच्या."

तिचा हात ढिगात होता, तो तिथेच राहिला.  मग तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "घरात कुनाला सांगू मावशी, कोन गेलं म्हनून?"

 तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण दोन्ही हातांत फुलं, तिला पुसताही येईना. एवढ्यात सासू वळली. "का गं, काय झालं?"

"काय नाय आत्याबाई. फुलात मुंगळा व्हता. चावला."

"आं? दाव बरं." सासूनं हातातली टोपली खाली ठेवली, समोरच्या गिऱ्हाइकाला तसंच ताटकळत ठेवलं आणि सुनेचा हात ओढून घेतला. "कुठं? ह्या बोटाला का त्या?" एकेक बोट उलटंपालटं करून बघायला लागली, पदराचं टोक जिभेला लावून पुसायला लागली, फुंकर घालायला लागली. "कितींदा सांगितलं, ढिगात बघून हात घालीत जा. माझं ऐकशील तर शप्पथ." सून मान खाली घालून रडत होती आणि म्हातारी चावल्याची जागा शोधत होती, ती काही तिला सापडत नव्हती.

मी फुलं घेतली आणि तिथून निघाले. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण मी रडत चालले होते. त्या म्हातारीनं धरलेला तो हात मला बाईंना दाखवायचा होता. बाकी मला काही नको होतं.